सेक्टरांच्या सांदीतली पंचायत

ग्रामसभा कधी भरवायची हे पीक बघून ठरवावे, अशी पंजाबच्या कायद्याची रीत आहे. १९९४च्या पंजाब पंचायती राज कायद्याप्रमाणे वर्षातून दोन सर्वसाधारण सभा घ्यायच्या. एक डिसेंबरात, 'सावणी' म्हणजे खरीप घरात आल्यावर. दुसरी जूनमध्ये, 'हाडी' म्हणजे रब्बी निघाल्यावर. डिसेंबरच्या सभेपुढे अंदाजपत्रक मांडायचे, जूनच्या सभेला झाल्या कामाचा हिशेब द्यायचा. सभेला गावच्या मतदारांपैकी एक पंचमांश तरी हवेत. आणि सरपंचाने लागोपाठ दोन सभा चुकवल्या तर त्याची खुर्ची गेलीच म्हणून समजा.

हाच कायदा चंदीगडलाही लागू होता. होय, वास्तुकार ल कोर्ब्युझिएच्या चंदीगडला. जिथे रस्ते सात प्रकारचे आखलेले आहेत, सेक्टरांना आकडे आहेत (त्यात मुळात तेरावा नव्हता), आणि कोणत्या रस्त्याकडेला कोणते झाड लावायचे हेही कागदावर ठरलेले आहे, त्या शहराच्या पोटात आणि काठाकाठाने सरपंच होते, पंच होते, एक पंचायत समिती होती आणि ११४ चौरस किलोमीटरांच्या प्रदेशाला चक्क एक जिल्हा परिषद होती. महाराष्ट्रात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही, कारण तिथे खेडीच उरलेली नाहीत. चंदीगडने मात्र ही परिषद २०१८-१९पर्यंत सांभाळली.

वास्तुशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांत तिचा उल्लेख शोधून सापडत नाही. त्यात विधानभवन असते, उच्च न्यायालय असते, 'उघडा हात' हे शिल्प असते. शहराच्या पोटातल्या बुडैल गावच्या गल्लीतले गटार कोणी बांधले, हे त्यात नसते.

*

शहर उठले ती जमीन तेव्हा अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीत होती. तिथल्या शेतकऱ्याला सरकार दोन रूपांत भेटे. एक पटवारी, दुसरे डिस्ट्रिक्ट बोर्ड. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२चा. त्यानंतर १८८३मध्ये पंजाबचा डिस्ट्रिक्ट बोर्ड कायदा झाला आणि १८८४मध्ये मुंबई इलाख्याचा लोकल बोर्ड कायदा. पंजाबातले डिस्ट्रिक्ट बोर्ड आणि आपल्याकडचे जिल्हा लोकल बोर्ड ही एकाच ठरावाची अपत्ये.

बोर्डाचे रोजचे काम म्हणजे काय, तर कच्चे रस्ते, त्यांच्या कडेची झाडे, सराया, प्राथमिक शाळा, दवाखाना, देवी टोचणारे, नदीवरच्या तरींचे लिलाव, गुरांचे बाजार आणि कोंडवाडे. मोकाट जनावर कोंडवाड्यात घालायचे आणि मालकाकडून दंड घेऊन सोडायचे, हा बोर्डाच्या उत्पन्नाचा छोटा पण भरवशाचा धंदा. पंजाबात त्यात आणखी एक भर होती. लष्कराला घोडे लागत, म्हणून कित्येक बोर्डे सरकारी वळू-घोडे पाळत. पैसा यायचा तो शेतसाऱ्यावरच्या उपकरातून. मुंबई इलाख्यात हा कर १८६३पासून रुपयामागे एक आणा असा बसला. त्यातले दोन भाग रस्त्यांना आणि एक भाग शाळांना, अशी वाटणी होती. हा आणा कुणबी भरतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो, अशा अर्थाचे गाऱ्हाणे जोतीराव फुले यांनी १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे लेखी मांडले होते. या उपकराच्या खर्चावरचा मराठी माणसाचा तो बहुधा सर्वांत धारदार शेरा.

दोन्हीकडे सुरुवातीला अध्यक्ष सरकारी अंमलदारच असे. पुढे मात्र वाटा फुटल्या. मुंबई इलाख्यात १९२३च्या कायद्याने लोकल बोर्डांत निवडून आलेल्यांचे बळ वाढले आणि ब्राह्मणेतर पक्षाला आपली पहिली पक्की बैठक इथेच मिळाली. साताऱ्याचे धनजीशा कूपर जिल्हा लोकल बोर्डाच्या राजकारणातून वर आले आणि १९३७मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. पंजाबात बहुतेक बोर्डांवर डेप्युटी कमिशनर अध्यक्ष म्हणून ठाण मांडून राहिला. साहेब चांगला निघाला तर बोर्ड हलायचे. त्याच अंबाला विभागातल्या गुडगावला १९२०च्या दशकात एफ. एल. ब्रेन या कलेक्टराने गावोगाव उकिरड्याचे खड्डे खणवले, घरांना खिडक्या पाडवल्या, मुलींना शाळेत घालायला लावले. त्याची बदली झाली आणि खड्डे बुजत गेले. वरून आलेल्या सुधारणेचे आयुष्य बदलीच्या हुकुमाएवढेच असते, हे पंजाबला तेव्हाच कळायला हवे होते.

*

फाळणीत लाहोर गेले. पंजाबला राजधानी हवी होती. प्रशासकीय अधिकारी पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांनी शिवालिकच्या पायथ्याची ही जागा पसंत केली आणि मार्च १९४८मध्ये सरकारने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. पहिल्या टप्प्यात १७ गावे घेतली गेली. कैलड, नगला, रुडकी अशी त्यांची नावे. जमीन सुपीक होती, आमराया होत्या. गावकऱ्यांनी 'अँटी राजधानी कमिटी' स्थापन केली, निदर्शने केली, काही जण तुरुंगात गेले. फाळणीने लाखो लोक उखडले होते. त्यांच्या राज्याला राजधानी मिळावी म्हणून आणखी काही हजारांना उखडायचे, हा व्यवहार त्या काळात फारसा कोणाला खटकला नाही. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी शहराचे उद्घाटन केले.

ल कोर्ब्युझिए, पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू ही नावे सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या हाताखालच्या भारतीय वास्तुकारांच्या यादीत एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, यूली चौधरी यांच्याबरोबर ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे अशीही नावे आहेत. मराठी वाचकाने ती ध्यानात ठेवायला हरकत नाही.

१९५२मध्ये दोन कायदे लागोपाठ आले आणि गावांचे पुढचे अर्धे शतक त्यांनीच ठरवले. एक पंजाब ग्रामपंचायत कायदा. त्याने गावाला निवडलेली पंचायत दिली. दुसरा राजधानीच्या परिघावर नियंत्रण ठेवणारा कायदा. त्याने शहराभोवतीच्या पाच मैलांत परवानगीशिवाय वीट रचायला बंदी केली, आणि १९६२मध्ये ही मर्यादा दहा मैलांची झाली. एका हाताने गावाला कारभार दिला आणि दुसऱ्या हाताने कारभार करायची जमीन गोठवली. परिघातली पंचायत नाली बांधू शकत होती, पण गावाच्या शेजारची माळजमीन कशाला वापरायची, हे तिच्या हातात नव्हते.

उठवलेल्या गावांचे काय उरले, हे बघायचे तर रॉक गार्डनला जावे. नेकचंद सैनी हा सार्वजनिक बांधकाम खात्यातला रस्ते निरीक्षक, स्वतः फाळणीत गाव गमावून आलेला. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तो पाडलेल्या घरांचा मलबा, फुटक्या बांगड्या, कपबशा, खापरे सायकलवरून नेऊन सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात गुपचूप मांडत राहिला. बांधायला बंदी असलेल्या जागेवर बांधणारा हा सरकारी नोकर. १९७०च्या दशकात भांडे फुटले तेव्हा पाडापाडीच्या गोष्टी झाल्या, पण लोकच त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९७६मध्ये बाग सर्वांसाठी उघडली.

*

दुसऱ्या टप्प्यातले सेक्टर ३१ ते ४७ आखताना धोरण बदलले. शेते घेतली, पण वस्ती जागीच ठेवली. म्हणून आज बुडैल सेक्टर ४५मध्ये आहे, अटावा ४२मध्ये, बडहेडी आणि बुटेरला ४१मध्ये. सेक्टरच्या सरळ रेघेतून चालत जावे, एका वळणावर फिरनी लागते, म्हणजे गावाला वेढणारा रस्ता, आणि फिरनीच्या आत शिरले की एकदम दोन हातांची गल्ली, वर तारांचे जाळे, चार-पाच मजली घरे, खाली दुकान, मध्ये भाडेकरू, गच्चीवर म्हैस नसली तरी तिच्या गोठ्याची आठवण सांगणारा घरमालक. या हद्दीला तिकडे 'लाल डोरा' म्हणतात, कारण महसुली नकाशावर वस्तीभोवती लाल रेघ ओढलेली असे. आपल्याकडचे गावठाण. रेघेच्या आत शेतसारा नाही आणि बांधकामाचे शहरी नियमही नाहीत. शेत गेलेल्या माणसाच्या हातात नुकसानभरपाईचे पैसे आणि बिननियमाची शंभर-दोनशे वार जागा उरली. त्याने मजले चढवले. शहराला स्वयंपाकी, रंगारी, चौकीदार आणि विद्यार्थी हवे होते, पण आराखड्यात त्यांच्यासाठी पुरेशी स्वस्त घरे नव्हती. ती या गावांनी पुरवली. नियोजन फसले की नाही याची चर्चा तज्ज्ञांनी करावी. बुडैलशिवाय ते एक दिवसही चालले नसते, एवढे मात्र खरे.

इकडे १९५०च्या दशकाच्या अखेरीस पंचायत राज या शब्दाला देशभर जोर आला. बलवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७चा, आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौरला पंडित नेहरूंनी त्याचा मुहूर्त केला. पंजाबने १९६१मध्ये डिस्ट्रिक्ट बोर्डे गुंडाळून पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदा आणल्या. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी कायदा केला आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नावे तीच, पण घाट वेगळा. मेहता समितीने गट पातळीला बळ द्यायला सांगितले होते. वसंतराव नाईक समितीने ते जिल्ह्याला दिले. शाळा, दवाखाने, पाझर तलाव, रस्ते, शिक्षक-ग्रामसेवकांचा सारा ताफा परिषदेकडे गेला, कलेक्टर बाहेर राहिला आणि लोक तिला 'मिनी मंत्रालय' म्हणू लागले. आर. आर. पाटील, गोपीनाथ मुंडे, विलासराव देशमुख यांनी सभागृहातला पहिला धडा जिल्हा परिषदेतच गिरवला. पंजाबी नमुन्यात जिल्हा परिषद बरीचशी देखरेख करणारी, सल्ला देणारी. काम गटात, पैसा सरकारात. पंजाबातून फुटून निघालेल्या हरियाणाने तर १९७३मध्ये जिल्हा परिषदा मोडीतच काढल्या. आणि चंदीगड? १ नोव्हेंबर १९६६ रोजी ते केंद्रशासित झाले, दोन राज्यांची राजधानी आणि स्वतः कोणत्याच राज्यात नाही असे. विधानसभा दोन, पण चंदीगडकराचा आमदार एकही नाही. अशा ठिकाणी गावच्या माणसाने निवडून दिलेला सर्वांत जवळचा माणूस कित्येक वर्षे सरपंचच होता. शहराला नगरपालिका नव्हती. महानगरपालिका १९९४ची आणि तिची पहिली निवडणूक १९९६ची. म्हणजे सेक्टर १७च्या व्यापाऱ्याला नगरसेवक मिळण्याआधी खेड्यातल्या शेतकऱ्याला पंच मिळालेला होता. ही गंमत चंदीगडच्या अभिमानी नागरिकाला सांगून पाहावी.

*

जिल्हा परिषदेच्या सभेची विषयपत्रिका ज्याने महाराष्ट्रात वाचली आहे, त्याला पंचायतीचा कारभार कुठेही परका वाटत नाही. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, शेवटचा अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. खरी भांडणे या शेवटच्या विषयात होतात. मधले सगळे सारखेच. अमुक गल्लीत फरशी, तमुक कोपऱ्यावर दिवा, शाळेची गळकी खोली, धर्मशाळेला रंग, स्मशानाला कुंपण, कूपनलिकेची मोटर जळाली त्याचे बिल, टोब्यात म्हणजे गावतळ्यात जाणारे सांडपाणी कुठे वळवायचे.

पंजाबी पंचायतीचे एक काम मात्र आपल्याकडे तितके ठळक नाही. ते म्हणजे शामलातीचा लिलाव. शामलात देह म्हणजे गावाची सामाईक जमीन. १९६१च्या कायद्याप्रमाणे ती पंचायतीच्या मालकीची. दरवर्षी ती कसायला देण्यासाठी बोली लागते. आधी गावात दवंडी पिटायची, मग ठरल्या दिवशी गट विकास कार्यालयाचा माणूस वही घेऊन बसतो, सरपंच-पंच बाजूला, आणि बोली चढत जाते. एक तृतीयांश जमीन अनुसूचित जातींसाठी राखून ठेवायची, असा नियम आहे, आणि पंजाबात या एक तृतीयांशावरून अजूनही आंदोलने होतात, कारण राखीव तुकड्यावर दुसऱ्याच्या नावाने बडा जमीनदार बोली लावतो. आलेल्या पैशातून फरशी आणि दिवे. पंचायतीच्या स्वातंत्र्याचा कणा हाच. कर वसूल करायला सरपंच बिचकतो, कारण कर भरणारा त्याचा चुलता असतो. जमिनीचे भाडे घ्यायला कोणाचे तोंड बघावे लागत नाही.

चंदीगडच्या गावांत हा कणाच हळूहळू गेला. शेते आणि शामलाती सेक्टरांत, पुनर्वसन वसाहतींत, विमानतळात, आयटी पार्कात गेल्या. मौली जागरां आणि धनास येथे झोपडवासीयांसाठी हजारो घरे उभी राहिली. सारंगपूरला वनस्पती उद्यान झाले. पंचायतीकडे माणसे वाढली आणि जमीन आटली. सभा मात्र कायद्याप्रमाणे सावणी आणि हाडीच्या हंगामाला घ्यायच्याच होत्या, निम्मे गाव भाडेकरूंचे आणि उरलेल्यातले बरेच नोकरदार असले तरी.

शहराने गावाला काय दिले, याचे उत्तर डड्डू माजराच्या कचऱ्यात आहे. 'सिटी ब्युटिफुल'चा कचरा अनेक दशके या गावाच्या कडेला पडत राहिला आणि त्याचा डोंगर झाला. पुण्याच्या वाचकाला फार समजावून सांगायला नको. उरुळी देवाची आणि फुरसुंगीने तेच भोगले. २०१७मध्ये ही दोन्ही गावे आणखी नऊ गावांबरोबर पुणे महापालिकेत आली, कर वाढला आणि सोयी येईनात अशी ओरड झाली, आणि २०२४मध्ये दोघांना महापालिकेतून काढून वेगळी नगर परिषद देण्यात आली. चंदीगडच्या गावांना बाहेर पडायची अशी सोय नव्हती, कारण बाहेर म्हणजे दुसरे राज्य.

*

विलीनीकरण तीन घासांत झाले. सेक्टरांत सापडलेली बुडैल, अटावा, बडहेडी, बुटेरला ही चार गावे महापालिकेबरोबरच शहरात गेली. २००६मध्ये हल्लोमाजरा, कजहेडी, पलसोरा, मलोया आणि डड्डू माजरा. उरली १३. किशनगढ, मौली जागरां, दडिया, रायपूर कलां, रायपूर खुर्द, मक्खन माजरा, बहलाना, धनास, सारंगपूर, कैंबवाला, खुडा अली शेर, खुडा लाहोरा, खुडा जस्सू. २००१च्या जनगणनेत प्रदेशाच्या ९ लाख लोकसंख्येपैकी ९२,१२० जण ग्रामीण होते. २०११मध्ये १० लाख ५५ हजारांपैकी फक्त २८,९९१. गावे रिकामी झाली नव्हती. काही शहरात सामील झाली होती आणि काही इतकी फुगली होती की जनगणनेने त्यांना खेडे म्हणायचे सोडले.

शेवटच्या १३ गावांची पाळी २०१८-१९मध्ये आली. त्यांच्याबरोबर सरपंच, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची सगळी उतरंड एका अधिसूचनेने संपली. विरोध झाला, पण तो टिकला नाही. विलीनीकरणाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते. मलनिस्सारण, पाणी, रस्ते ही कामे पाच-दहा हजार वस्तीच्या पंचायतीच्या आवाक्यातली नव्हतीच. तेरा गावांवर जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत असा तीन मजली डोलारा ठेवणे हेही कायद्याच्या सक्तीचे नव्हते. २० लाखांहून कमी वस्तीच्या प्रदेशाला मधला मजला गाळायची मुभा ७३व्या घटनादुरुस्तीने दिलेली आहे. तक्रार करायची तर विलीन केल्याची नव्हे, उशिराची करावी. आधी चाळीस-पन्नास वर्षे जमीन घेत राहायचे, गटार द्यायचे नाही, आणि गाव बकाल झाले की बकालपणाचे खापर पंचायतीच्या माथी मारून तिला मोडीत काढायचे, हा क्रम उलटा आहे. पुण्याने २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावे घेतली तेव्हा महाराष्ट्रानेही हाच उलटा क्रम गिरवला.

विलीनीकरणानंतर या १३ गावांना जवळजवळ तीन वर्षे ना सरपंच होता, ना त्यांनी निवडलेला नगरसेवक. महापालिकेचे प्रभाग २६चे ३५ करण्यात आले आणि २४ डिसेंबर २०२१ रोजी मतदान झाले. त्या दिवशी या गावांनी पहिल्यांदा नगरसेवक निवडले.